जिन्सेंगची मुळी आणि चेतापेशी : नेमके कोणते द्रव्य कामी येते?

घरातील वडीलधारी मंडळी नावे विसरू लागली, गॅसवर ठेवलेले दूध विसरू लागली, की कुटुंबात काळजी शिरते. कोणीतरी शहरातून एक डबी आणून देतो. डबीवर ‘जिन्सेंग’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते आणि खाली मेंदूचे चित्र असते. ही डबी द्यावी की नाही, असा प्रश्न पालक आम्हां विज्ञान शिकविणाऱ्यांना वारंवार विचारतात. त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ इतक्यात संपत नाही. म्हणून या मुळीतील कोणते द्रव्य चेतापेशींचे रक्षण करते, हे शास्त्रज्ञ कसे शोधतात आणि तो शोध आज कोठवर आला आहे, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

जिन्सेंग ही कोरिया, ईशान्य चीन आणि त्याला लागून असलेल्या रशियाच्या अरण्यांतील सावलीत वाढणारी बुटकी वनस्पती. मुळीला फाटे फुटून ती माणसाच्या आकृतीसारखी दिसते, आणि तिच्या चिनी नावातही ‘माणूस’ हा शब्द आहे. ‘पॅनॅक्स’ या शास्त्रीय नावाचा ग्रीक अर्थ ‘सर्व रोग बरे करणारी’ असा. नाव ठेवतानाच दावा केलेला! चीनच्या सम्राटासाठी नकाशे तयार करणारे फ्रेंच धर्मगुरू जार्तू यांनी १७११ साली या वनस्पतीचे वर्णन युरोपला पत्राने कळविले आणि अशीच अरण्ये कॅनडात असल्याने ती तेथेही सापडेल, असा तर्क केला. तो खरा ठरला. १७१६ साली लाफितो यांना मॉन्ट्रियलजवळ, मोहॉक लोकांच्या साहाय्याने, तिची अमेरिकी बहीण सापडली. कोरियात आज काळ्या आच्छादनांच्या सावलीत तिची शेती होते, आणि मुळी काढण्यापूर्वी बहुधा चार ते सहा वर्षे थांबावे लागते.

येथे एक खुलासा करणे अगत्याचे वाटते. आपल्या बाजारात ‘भारतीय जिन्सेंग’ म्हणून जी विकली जाते ती अश्वगंधा, म्हणजे आपल्याकडील आस्कंद. तिचे कूळ वांगी-मिरचीचे. जिन्सेंगशी तिचे वनस्पतिशास्त्रीय नाते नाही, आणि तिच्यातील विथॅनोलाइड नावाची द्रव्येही वेगळी. आस्कंदाचा अभ्यास स्वतंत्रपणे झाला आहे व तो महत्त्वाचा आहे. परंतु कोरियातील मुळीवर झालेला प्रयोग आपल्या शेतातील मुळीच्या डबीवर चिकटवणे ही ग्राहकाची दिशाभूल होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मुळी म्हणजे शेकडो द्रव्यांचा संच : पिष्ट, शर्करा, प्रथिने, तेले, क्षार. त्यांतून कामाचे द्रव्य कसे निवडावे? आपल्या घरातील रिठा आठवावा. रिठा पाण्यात चोळला की फेस येतो, तो त्यातील सॅपोनिन या वर्गाच्या द्रव्यांमुळे. सॅपोनिनच्या रेणूचे एक टोक तेलकट द्रव्यांकडे ओढ घेते व दुसऱ्या टोकाला जडलेली शर्करा पाण्याशी जुळते, म्हणून फेस. जिन्सेंगच्या मुळीतही याच वर्गाची द्रव्ये आहेत. १८५४ साली गॅरिक्स यांनी अमेरिकी जिन्सेंगमधून असा एक पदार्थ वेगळा काढून त्याला ‘पॅनाक्विलॉन’ असे नाव दिले. तो एकच पदार्थ आहे अशी समजूत होती; वस्तुतः ते मिश्रण होते. ते सुटे करण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

सुटे करण्याची युक्ती आमच्या माजी विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत स्वतः केलेली आहे. गाळणकागदाच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका देऊन पट्टीचे टोक पाण्यात धरले, की पाणी वर चढते आणि एका काळ्या ठिपक्यातून निळा, जांभळा, पिवळसर असे पट्टे निघतात. प्रत्येक रंग आपापल्या वेगाने चढतो. हीच क्रोमॅटोग्राफी. १९६०च्या दशकात टोकियो विद्यापीठात शोजी शिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदाच्या जागी सिलिकेचा पातळ थर वापरून जिन्सेंगची सॅपोनिने वेगळी केली. ही द्रव्ये रंगहीन असल्याने थरावर आम्ल फवारून तापवावे लागते, तेव्हा ठिपके उमटतात. त्यांना ‘जिन्सेनोसाइड’ असे नाव मिळाले, आणि थरावर खालून वर जसे ठिपके दिसले त्या क्रमाने अक्षरे दिली गेली. आरबी-१, आरजी-१ अशी जी रूक्ष नावे वाचून सामान्य माणूस दचकतो, ती खरे पाहता पट्टीवरील ठिपक्यांचे पत्ते आहेत. आज अशी शंभराहून अधिक जिन्सेनोसाइडे ज्ञात आहेत.

ठिपका मिळाला म्हणजे द्रव्य ओळखले असे नव्हे. ते शुद्ध करून त्याच्या रेणूचे वजन मोजावे लागते. एमआरआय ज्या तत्त्वावर चालते त्याच चुंबकीय तत्त्वाच्या यंत्राने कोणता अणू कोणाच्या शेजारी आहे हे पाहावे लागते. तेव्हा कळते, की बहुतेक जिन्सेनोसाइडांचा सांगाडा चार कड्यांचा व जवळपास सारखाच. भेद आहे तो मुख्यतः त्यावर कोठे व किती शर्करा बसल्या यात. आरबी-१ वर चार शर्करा आहेत, आरजी-१ वर दोन. हा लहानसा भेद पुढे फार मोठा ठरतो.

यानंतर येते कसोटी. चेतापेशी मरतात कशा, हे प्रथम समजून घ्यावे. मेंदूत ग्लुटामेट नावाचे द्रव्य एका पेशीचा निरोप दुसरीला पोहोचवते. त्यावाचून शिकणे नाही, आठवणे नाही. परंतु पक्षाघातासारख्या प्रसंगी ते बेसुमार सांडते. मग पेशीची दारे उघडीच राहतात, कॅल्शिअम आत लोटते, ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका कोलमडतात आणि पेशी मरते. निरोप्यानेच घर पेटवावे, तसा हा प्रकार. प्रयोगशाळेत उंदराच्या भ्रूणाच्या मेंदूतील पेशी बशीत वाढवतात, त्यांच्यावर मुद्दाम जास्त ग्लुटामेट सोडतात, आणि काही बशांत त्यासोबत शुद्ध जिन्सेनोसाइड घालतात. जिवंत किती उरल्या हे मोजण्यासाठी एक पिवळे रसायन वापरतात. जिवंत पेशी त्याला जांभळे करते, मेलेली करू शकत नाही. जांभळा जितका गडद, तितके प्राण वाचले. या प्रयोगांत मुक्या जिवांचा बळी जातो, ही गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांपासून लपवत नाही. ज्या ज्ञानासाठी तो जातो ते जाहिरातीत उधळले जाऊ नये, एवढी तरी अपेक्षा ठेवावी.

सोल राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ साली अशी अनेक जिन्सेनोसाइडे उंदराच्या मेंदूपेशींवर पारखली. आरबी-१ आणि आरजी-३ या दोहोंनी ग्लुटामेटच्या माऱ्यापासून पेशींना लक्षणीय संरक्षण दिले. २००२ साली अमेरिकेत मज्जारज्जूच्या पेशींवर झालेल्या प्रयोगात आरबी-१ आणि आरजी-१ उपयोगी ठरली, पण त्यांचाच भाऊबंद असलेले आरई मात्र निष्प्रभ ठरले. आमच्या मते या निकालातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच, की एक द्रव्य चालले नाही. सर्वच द्रव्ये सारखी गुणकारी दिसली असती, तर ‘कोणतेही सॅपोनिन घातले तरी पेशी वाचतात’ अशी शंका उरली असती. सांगाडा तोच, शर्करेची मांडणी निराळी, आणि परिणाम निराळा. यावरून रेणूचा आकार कारणीभूत आहे असे म्हणण्यास आधार मिळतो.

यातील आरजी-३ ताज्या मुळीत जवळजवळ नसतेच. कोरियात मुळी वाफवून व वाळवून ‘लाल जिन्सेंग’ करतात. त्या उष्णतेत मोठ्या रेणूंवरील काही शर्करा गळून ते तयार होते. म्हणजे डबीवर नुसते ‘जिन्सेंग’ लिहिले असेल, तर आत काय आहे हे खरोखर सांगितलेलेच नाही. शिवाय सर्व श्रेय सॅपोनिनचेच असेही नाही. २०१२ साली कोरियातील संशोधकांनी ‘जिन्टोनिन’ हे स्निग्ध द्रव्य व प्रथिने यांचे संयुक्त रूप उलगडून दाखवले. ते पेशींवरील अगदी वेगळ्या ग्राहकांवर काम करते.

मग अडचण कोठे आहे? बशीतल्या पेशीवर औषध थेट ओतता येते. माणसाला ते गिळावे लागते. आरबी-१ चा रेणू मोठा आहे, आणि आतड्यातून रक्तात तो फारच थोडा शिरतो. आतड्यातील जिवाणू त्याच्या शर्करा एकेक करून तोडतात व शेवटी ‘कंपाउंड के’ नावाचे लहान द्रव्य उरते. तेच प्रामुख्याने रक्तात जाते. प्रत्येकाच्या आतड्यातील जिवाणू वेगळे, म्हणून एकाच डबीतून दोन माणसांना मिळणारे द्रव्यही सारखे नाही. त्यापुढे रक्त आणि मेंदू यांमधील पहारा ओलांडायचा, तो निराळाच. बशीत ज्याने पेशी वाचवली ते द्रव्य मेंदूपर्यंत पुरेसे पोहोचते असे गृहीत धरता येत नाही.

माणसांवरील चाचण्यांचा लेखाजोखा कॉक्रेन या संस्थेच्या २०१० सालच्या आढाव्यात घेतला गेला. निरोगी माणसांची बुद्धी वा स्मरण जिन्सेंगने वाढते याचा खात्रीलायक पुरावा त्यात आढळला नाही, आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबाबत उत्तम दर्जाचा पुरावाच मिळाला नाही. वनस्पतीपासून मेंदूचे औषध होतच नाही, असा मात्र याचा अर्थ कोणी घेऊ नये. स्नोड्रॉप या युरोपीय फुलझाडाच्या कुळातून १९५०च्या दशकात वेगळे केलेले गॅलँटामिन २००१ साली अमेरिकेत अल्झायमरसाठी मान्य झाले. ते पेशी वाचवत नाही, उरलेल्या पेशींमधील निरोप काहीसा बळकट करते. पण त्याचे द्रव्य एक, मात्रा ठरलेली आणि परिणाम मोजलेला. जिन्सेंग अद्याप त्या पायरीवर आलेले नाही.

तेव्हा डबी घरात आलीच असेल, तर आधी तिच्यावर मुळीची जात आणि जिन्सेनोसाइडचे प्रमाण छापले आहे का ते पाहावे. घरातील वृद्ध व्यक्ती रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून ती उघडू नये. अमेरिकी जिन्सेंगमुळे या औषधाचा परिणाम घटतो, हे २००४ साली निरोगी स्वयंसेवकांवरील चाचणीत दिसले आहे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तरी हेच करावे, कारण जिन्सेंगने रक्तातील साखर उतरू शकते. आणि विसरणे नव्याने सुरू झाले असेल, तर थायरॉइड व ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी प्रथम करून घ्यावी. या दोहोंच्या कमतरतेमुळे येणारा विसराळूपणा उपचाराने पुष्कळदा सुधारतो, आणि तो वेळ डबीची वाट पाहण्यात जाता कामा नये.