शाळा बंद, घर चालू



आयर्लंडमधली प्राथमिक शाळा वर्षाला साधारण १८३ दिवस भरते. म्हणजे वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस आपली मुलं घरी असतात. शनिवार-रविवार, हॅलोवीनची मिड-टर्म, नाताळ, ईस्टर आणि जुलै-ऑगस्ट तर आख्खेच. त्यात अधूनमधून वादळं भर घालतात. २४ जानेवारी २०२५ला एओविन वादळ आलं तेव्हा सगळ्या देशाला रेड वॉर्निंग होती. एकही शाळा उघडली नाही आणि साडेसात लाखांहून जास्त घरं-दुकानांची वीज गेली. वाय-फाय नाही, टीव्ही नाही, टॅबलेटची बॅटरी दुपारपर्यंत संपलेली, अशा वेळी दोन मुलांना घेऊन दिवसभर करायचं काय?

घरच्या शाळेचा खरा धडा मात्र सगळ्यांना २०२० साली मिळाला. १२ मार्चच्या संध्याकाळपासून शाळा बंद झाल्या त्या थेट उन्हाळ्यानंतर उघडल्या. ३० मार्चपासून आरटीईने टीव्हीवर रोज तासभर 'होम स्कूल हब' सुरू केलं आणि ते चांगलंही होतं. २०२१च्या जानेवारीत पुन्हा शाळा बंद. लहान वर्ग १ मार्चला परत गेले, तिसरी ते सहावीची मुलं १५ मार्चला. त्या काळात बहुतेक घरांत चित्र एकच होतं. शाळेने पाठवलेली वर्कशीट्स छापायची, मुलांकडून ती भरून घ्यायची आणि मधल्या वेळात आईबाबांनी म्यूटवर राहून मीटिंगा करायच्या.

आमचं म्हणणं असं आहे की घरच्या दिवशी शाळेची नक्कल करण्यात फारसा अर्थ नाही. वर्कशीट शाळाच उत्तम करून घेते. जे शाळेला जमणार नाही ते घरी करावं. ते म्हणजे गणित, विज्ञान, भूगोल मराठीतून करणं. 'मराठी शिकवणं' वेगळं आणि मराठीतून काहीतरी शिकणं वेगळं. पहिल्याला मुलं कंटाळतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्यात मराठी हे नुसतं हत्यार असतं, लक्ष कामाकडे असतं.

हे महत्त्वाचं का, ते तुमच्या घरच्या रविवारच्या फोनवरून बघा. चार-पाच वर्षांचं मूल ज्युनिअर इन्फंट्सला जातं तेव्हा घरातलं मराठी त्याला चांगलं येत असतं. मग हळूहळू आपण मराठीत विचारतो आणि उत्तर इंग्रजीत येतं. दुसरी-तिसरीपर्यंत त्याच्या मराठीत 'जेव, चल, झोप, आवर' एवढाच ऐवज उरतो, कारण डोक्यात चाललेलं सगळं नवं (अपूर्णांक, ज्वालामुखी, सूर्यमाला) इंग्रजीतून आलेलं असतं. पुण्याहून आजोबा विचारतात, "काय रे, अभ्यास कसा चाललाय?" इकडून "गुड." पुढे दोघांकडेही बोलायला काही नसतं. प्रेम असतं हो, विषय नसतो.

तेव्हा खाली आमच्या आणि ओळखीच्या दोन-तीन घरांत करून पाहिलेला एक दिवस देतो आहोत. आमच्याकडे एक सिनिअर इन्फंट्समध्ये आणि एक फिफ्थ क्लासमध्ये अशी जोडी आहे, त्यामुळे दोघांना पुरेल असं बघावं लागतं. एकूण वेळ धरला तर अडीच-तीन तास. इन्फंट्सची शाळाच मुळी सुट्ट्या धरून ४ तास ४० मिनिटांची असते, घरी याहून जास्त ताणू नये. दिवस कुठलाही चालेल, पण आम्ही १७ मार्च घेतला. सेंट पॅट्रिक्स डे, शाळेला आणि ऑफिसलाही सुट्टी. शिवाय त्या सुमारास दिवस-रात्र जवळजवळ सारखे असतात, त्याचा उपयोग पुढे येईल.

दिवस सुरू होतो सकाळी सव्वासातला, पुण्याच्या फोनने. तिथे तेव्हा दुपारचे पावणेएक वाजलेले असतात. आजोबांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं: गच्चीत एक मीटर उंचीची काठी (झाडूचा दांडा चालेल) ओळंब्याने सरळ उभी करा आणि सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावली मोजा. सगळ्यात आखूड सावली किती, तो आकडा नातवाला सांगा. मार्चच्या मध्यात तो ३६ सेंटिमीटरच्या आसपास येतो. मुलाने तो वहीत लिहून घ्यायचा. "आजोबा, काठी सरळ होती का? सावली कुठल्या दिशेला पडली?" हे प्रश्न मुलालाच विचारू द्या. 'सावली', 'काठी', 'आखूड', 'उत्तर', 'दक्षिण' हे शब्द त्याला लागणारच आहेत आणि लागले की येतात. वही बाजूला ठेवा. आपली दुपार व्हायला अजून वेळ आहे.

नाश्त्यानंतर आकडे. मराठी आकडे इथल्या मुलांना सगळ्यात जड जातात, आणि त्यात मुलांचा काही दोष नाही. इंग्रजीत वीसनंतर दहा-दहाचे डबे सरळ जोडलेले असतात. आपल्याकडे बासष्ट म्हणताना आधी दोन येतो, मग साठ. मूल ऐकता ऐकता २६ लिहून मोकळं होतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' अशी वाचनपद्धत दिली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! मंगला नारळीकरांनी तेव्हा या पद्धतीची बाजू मांडली होती. आमचं मत विचाराल तर परदेशातल्या मुलांना ही शिडी म्हणून फार उपयोगी आहे. पुढे एकवीसवर यायचंच, पण आधी 'वीस एक'वर पाय ठेवून. गंमत अशी की आयरिश भाषेत एकवीसला 'फिहे अ हेन' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'वीस एक'. आपली मुलं शाळेत रोज आयरिश शिकतात, त्यांना हे दाखवलं की डोळे चमकतात. चाळीसचा आयरिश शब्द तर 'दोन विसा' यापासून बनलेला आहे. आपल्याही खेड्यापाड्यांतली जुनी माणसं विसांवर मोजायचीच की. आणखी पुढे जायचं तर दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी मांडा: दोन आणि दो, तीन आणि त्री, आठ आणि ओख्त. सातला ते 'शॅख्त' म्हणतात, त्याच्याशेजारी संस्कृतातला सप्त ठेवा. या सगळ्या दूरच्या चुलत बहिणी आहेत, हे चौथी-पाचवीच्या मुलाला पटकन कळतं.

मग 'एकोण'ची युक्ती सांगा. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. एकोणचाळीस, एकोणपन्नास, पार एकोणनव्वदपर्यंत हाच नियम. एकट्या नव्व्याण्णवने बंड केलंय, ते मुलांना शोधू द्या. हे झालं की हाउजी खेळायची. आकडे मराठीतूनच पुकारायचे. इथल्या पॅरिश हॉलमधल्या बिंगोतही आकडे १ ते ९०च असतात, त्यामुळे दुकानातलं बिंगोचं पुस्तक चालतं. लहानग्याला एक ते वीसच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढून द्या, नाहीतर रडारड होते.

आता देवनागरी. 'क कमळाचा' गिरवून घेणं आम्हाला तरी जमलं नाही, मुलांना त्याचं कारण दिसत नाही. इथे आयर्लंडने आपल्याला एक आयतं कारण दिलंय: वर्गातल्या मित्रमैत्रिणींची नावं! एन-आय-ए-एम-एच असं लिहायचं आणि म्हणायचं 'नीव'. एस-ए-ओ-आय-आर-एस-ई म्हणजे 'सीर्शा'. टी-ए-डी-एच-जी म्हणजे 'टाइग'. आपण सगळ्यांनी पहिल्या वर्षी ऑफिसात या नावांपुढे हात टेकलेत. मुलांना मात्र उच्चार पाठ असतात. त्यांना म्हणावं, आजीला वाचता येईल असं तुझ्या वर्गातल्या सगळ्यांची नावं लिहून दे. देवनागरीत जसं ऐकू येतं तसं लिहायचं, त्यामुळे काम सोपं होतं, आणि एका बैठकीत व, श, ई-उ-ओच्या खुणा सगळं हाताखालून जातं. यादीचा फोटो आजीला पाठवायचा. आजीने मोठ्याने वाचून व्हॉइस मेसेज पाठवायचा आणि ती कुठे चुकली ते नातवाने सांगायचं. थोड्या मोठ्या मुलांना एक गोष्ट जरूर दाखवा. आयरिशमध्ये 'बी'पुढे 'एच' आला की उच्चार बहुतेक वेळा 'व' होतो, आपण रोमनमध्ये तेच दोन 'भ'साठी लिहितो. म्हणून रोमन लिपीत लिहिलेला 'भाऊ' आयरिश शिकलेलं मूल 'वाऊ' असा वाचू शकतं! लिपी म्हणजे करार असतो, हे यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

अकराच्या सुमाराला स्वयंपाकघर. अपूर्णांक इथे शाळेत पेन्सिलीने रंगवलेल्या पिझ्झ्यांवर शिकवतात. आपल्याकडे त्यासाठी भाषेतच खास शब्द आहेत: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे पाढेच पाठ असत. आज पाढ्यांची गरज नाही, पण शिरा करायला काय हरकत आहे? एक वाटी रवा, पाऊण वाटी साखर, पाव वाटी तूप, अडीच वाट्या गरम पाणी. मापं मुलाने घ्यायची, गॅस आपण सांभाळायचा. मग विचारायचं, उद्या पाहुणे येणार, दुप्पट करायचाय, तर? पाऊणची दुप्पट दीड आणि अडीचची दुप्पट पाच, हे ते बोटांवर नाही, वाट्यांवर शोधतं. याच शब्दांनी पुढे घड्याळ येतं. सव्वा आठ, साडेआठ, पावणेनऊ. मात्र 'साडेएक' आणि 'साडेदोन' चालत नाही, दीड आणि अडीच म्हणायचं. का, याचं उत्तर "आपल्याकडे असंच म्हणतात" एवढंच, आणि मुलांना ते चालतं. इंग्रजीत तरी कुठे सगळं नियमात बसतं!

शिरा खाऊन होईपर्यंत बारा वाजतात. आता बाहेर पडायचं, आणि ऊन असावं अशी प्रार्थना करायची. हा आयर्लंड आहे, तेव्हा ढग आले तर दोन-तीन दिवस पुढे ढकललं तरी बिघडत नाही, फक्त आजोबांना पुन्हा गच्चीत जावं लागेल. तशीच एक मीटरची काठी, दर पाच मिनिटांनी सावली. डब्लिनमध्ये मार्चच्या मध्यात सूर्य सगळ्यात वर येतो तो साडेबारानंतर तीन-चार मिनिटांनी, आणि सावली भरते सुमारे १ मीटर ४० सेंटिमीटर. कॉर्क, गॉलवेला वेळ आणि आकडा थोडा वेगळा येईल. पुण्याचे ३६ आणि आपले १४०, एकाच दिवशी, सारख्याच काठीने. लहानग्यासाठी इथेच थांबा. "तिकडे सूर्य डोक्यावर, इकडे कलंडलेला" एवढं त्याने आपल्या शब्दांत सांगितलं की झालं.

थोरलीला पुढे न्यायचं. कागदावर दहा सेंटिमीटरची काठी उभी काढायची, तळाशी आधी ३.६ आणि मग १४ सेंटिमीटरची सावली आखायची, काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजायचा. पुण्याचा येतो वीसच्या आतबाहेर, डब्लिनचा ५४-५५. फरक सुमारे ३५ अंश. मग संगणकावरच्या नकाशात डब्लिनपासून सरळ खाली दक्षिणेला पुण्याच्या रेषेत येईपर्यंत अंतर मोजायचं. आपण सहारा वाळवंटात, मॉरिटानिया-मालीच्या सीमेजवळ पोचतो, अंतर भरतं साधारण ३,८७० किलोमीटर. ३५ अंशांना एवढं, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडलं की उत्तर येतं जवळपास ३९,८०० किलोमीटर. पृथ्वीचा ध्रुवांवरून मोजलेला परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनिसने हेच केलं होतं. त्याच्याकडे आजोबा नव्हते, आपल्याकडे आहेत. मोजणीत एक-दोन अंश इकडेतिकडे झाले तर उत्तर दोनेक हजार किलोमीटरने हलतं. हलू द्या, का हललं यावर बोला.

दुपारी एकला पुण्यात संध्याकाळचे साडेसहा असतात. तेव्हा दुसरा फोन, आणि हा फोन मुलानेच लावायचा. उत्तर काय आलं ते आजोबांना सांगायचं. आपण खोलीतून बाहेर जायचं, शब्द अडला तरी आत डोकावायचं नाही. एखादा इंग्रजी शब्द मध्ये येईल, येऊ दे. आमच्याकडे आजोबांनी "कोनमापक कसा धरलास?" इथून सुरुवात केली आणि फोन चाळीस मिनिटं चालला. नेहमी तो चार मिनिटांत संपतो.

ज्यांचे आईवडील कोकणात, विदर्भात किंवा बेळगावात आहेत त्यांनाही हे करता येईल, फक्त आकडे बदलतील. आजी-आजोबा नसतील तर मामा, मावशी, कुणीही चालेल, काठी धरायला माणूस हवं. आणि पुण्यात ज्यांचं कुणी आहे त्यांनी १३-१४ मेच्या सुमाराची तारीख आत्ताच लिहून ठेवावी. त्या दिवशी तिथे साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आयर्लंडमध्ये असं कधीच होत नाही. इथे तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असतील, शाळेला निघायच्या आधी एक फोन आरामात होतो.