रुग्णालयातून परतलेला सोबती

विषमज्वराने अंथरुणाला खिळलेला सोबती महिन्याभराने वर्गात परतला, की आपण सारे त्याच्याभोवती गोळा होतो. कोणी वह्या देतो, कोणी राहिलेली गणिते समजावतो. तोच सोबती मनोरुग्णालयातून परतला, तर मात्र त्याच्या बाकावरील शेजार रिकामा राहतो. असे का व्हावे?

मनोविकार हाही विकारच होय. आणि अनेक मनोविकारांचा आरंभ कुमारवयात, म्हणजे आपल्याच वयात, होतो. आपल्या सौंसर भागात अशा वेळी पावले प्रथम जामसावळीच्या हनुमंताकडे वळतात. श्रद्धेने धीर मिळतो. परंतु तेवढ्यासाठी वैद्यकीय उपचार लांबणीवर पडू नयेत. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालापासूनचे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अल्पवयीन रुग्णास प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते आणि त्याच्यासोबत पालक वा नेमलेली व्यक्ती राहते.

पुढे या मुलांचे काय होते? अमेरिकेतील स्टुअर्ट हाउझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुमारवयात मनोरुग्णालयात राहिलेल्या सुमारे ७० मुलामुलींचा मागोवा अनेक वर्षे घेतला व २००६ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वीस वर्षांनंतरही बहुतेकांची वाट खडतरच होती, हे सत्य लपविण्यात अर्थ नाही. तथापि काहीजण शिकले, मनाजोगत्या कामास लागले, प्रेमळ आईबाप झाले. त्यांच्यात तीन गुण ठळक दिसले: स्वतःच्या मनाचा शोध घेण्याची सवय, आपले आयुष्य आपण घडवू शकतो हा विश्वास, आणि माणसे जोडण्याची ओढ.

यांपैकी पहिले दोन गुण एकट्याने जोपासता येतील. तिसऱ्यास मात्र दुसरा माणूस लागतो. तो दुसरा माणूस म्हणजे आपण! औषध डॉक्टरांनी द्यावे, ते नियमाने घेतले जाते की नाही हे घरच्यांनी पाहावे. पण बाकावरची जागा आपणच देऊ शकतो. ‘तिथे काय झाले?’ असे खोदून विचारू नये. ‘कालचा धडा दाखवू का?’ एवढे विचारावे. आणि आपलेच मन बरे नसेल, तर घरी वा गुरुजींना निःसंकोच सांगावे. १४४१६ या क्रमांकावर शासनाची ‘टेलि-मानस’ सेवाही विनामूल्य मिळते.

बालमित्रांनो, वर्ग पुन्हा भरेल तेव्हा कोणाच्या शेजारची जागा रिकामी आहे, ते अवश्य पाहा.