बैठका किती माराव्यात?

मागच्या महिन्यात मी पैजेवर एका दमात १०० बैठका मारल्या. त्याआधी मी कधी २० च्या वर गेलो नव्हतो. त्या दिवशी काहीच वाटले नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या, आणि तिसऱ्या दिवशी तर ओट्याची पायरी उतरवेना. प्रार्थनेला सगळी मुले खाली बसली, मी आपला उभाच!

माझे आजोबा तरुणपणी तालमीत जायचे. ते म्हणाले, "अरं, वस्ताद पहिल्या दिवशी दहाच मारू द्यायचे. आठवडाभर तेवढ्याच. मग दोन वाढवायच्या."

गुरुजींनी कारण सांगितले. सवयीपेक्षा जास्त काम पडले की स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते. तिची सूज हळूहळू चढते, म्हणून दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असते. विश्रांती मिळाली की धागे सांधतात व स्नायू बळकट होतो. म्हणजे ताकद झोपेतही वाढते! हे मला नवीनच होते. आपल्या वयाला रोज ९ ते १२ तास झोप लागते.

मी बैठका बंद ठेवल्या, पण हळूहळू चालत राहिलो. नुसते पडून राहिले तर अंग जास्त आखडते. पाणी भरपूर प्यायलो. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे खाल्ले. पाच दिवसांत बरे वाटले.

मात्र लघवी चहासारखी काळपट झाली किंवा मांडी फार सुजली तर घरी लपवू नये, लगेच डॉक्टरांकडे जावे. तुटलेल्या स्नायूंतील द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडाला अपाय होतो.

आता मी एक दिवसाआड १५ बैठका मारतो. पैज लावणारा अजून १०० च मागतो. मी म्हटले, आधी तू मार.