मोटारींतील स्पीकरांची निवड

मोटारींत कारखान्यांतून बसून आलेले स्पीकर कांहीं वर्षांनीं फाटक्या आवाजांत बोलूं लागतात. ऊन व दमटपणा यांनीं कागदी पडदा जीर्ण होतो, कडेची फोमची पट्टी झडते. आमच्या मोटारींतहि असेंच झालें. दुकानांत खोक्यावरील '३०० वॅट' हा अंक पाहून आम्ही भुललों व नवे स्पीकर घेऊन आलों. पण आवाज पूर्वीपेक्षां क्षीण! असें कां व्हावें? विद्यार्थी मित्रहो, याचें उत्तर तुमच्या शास्त्राच्या पुस्तकांतच आहे.

स्पीकरांत लोहचुंबकाजवळ तारेचें लहान वेटोळें असतें. त्यांतून बदलता विद्युत्प्रवाह गेला म्हणजे तें पुढेंमागें हालतें, व त्यास जोडलेला पडदा हवा हालवितो. अर्थात् शक्ति स्पीकरांत उत्पन्न होत नाहीं. ती रेडिओंतील ॲम्प्लिफायर पुरवितो. इंजिन चालू असतां मोटारींत सुमारें १४ व्होल्ट दाब असतो. तेवढ्यावर चालणारा साधा रेडिओ ४ ओहमच्या स्पीकरास अखंडपणें १५ ते २० वॅटच देऊं शकतो. खोक्यावरील मोठा अंक बहुधा क्षणभर सोसण्याची मर्यादा सांगतो. 'आर. एम. एस.' या अक्षरांपुढील अंक अखंड शक्तीचा, तोच पाहावा.

दुसरी गोष्ट रोधाची. आमचे जुने स्पीकर २ ओहमचे होते, नवे ४ ओहमचे. दाब तोच राहून रोध दुप्पट झाला, तर ओहमच्या नियमानें प्रवाह निम्मा होतो व शक्तिहि निम्मी होते. उलट ४ ओहमच्या जागीं २ ओहमचे बसविल्यास प्रवाह दुप्पट होऊन ॲम्प्लिफायर तापतो, प्रसंगीं जळतोहि. म्हणून जुन्या स्पीकराच्या पाठीवरील अंक आधीं वाचावा.

तिसरी गोष्ट संवेदनक्षमतेची. एक वॅट शक्ति दिली असतां एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज होतो, तें हा अंक सांगतो. ८७ डेसिबलच्या स्पीकरास जितक्या आवाजासाठीं ३० वॅट लागतात, तितकाच आवाज ९० डेसिबलचा स्पीकर १५ वॅटांत देतो. साध्या रेडिओस हाच सोयीचा.

शेवटीं माप. केवळ व्यास जुळून भागत नाहीं. खोलीहि मोजावी, नाहींतर दाराची कांच खालीं उतरतांना चुंबकावर आदळते. जोडतांना अधिक व उणें हीं टोंकें उलटूं नयेत. एका बाजूचीं उलटलीं, तर एक पडदा पुढें येतांना दुसरा मागें जातो, आणि खर्जाचे स्वर परस्परांस मारून टाकतात.

पालकांसहि आमची विनंति आहे कीं, खरेदीस जातांना मुलांस बरोबर न्यावें व हे अंक त्यांच्याकडूनच वाचवून घ्यावे. आम्हांस जें पैसे घालवून कळलें, तें त्यांस वहींतील एका गणितानें कळेल.