दरोडा का फसला? एका सिनेमाचा अभ्यास

एखादं मशीन बंद पडलं की आपण 'बिघडलं' म्हणून हात झटकत नाही. आधी कोणता भाग गेला, त्याच्यामुळे पुढचा कोणता गेला, असा क्रम लावत बसतो. व्हायव्हाला सरही तेच विचारतात. मी हीच पद्धत एका सिनेमाला लावून पाहिली. सिनेमा जुना आहे, 'डॉग डे आफ्टरनून', सन १९७५. दिग्दर्शक सिडनी ल्यूमेट, प्रमुख भूमिकेत अल पचिनो. पटकथेसाठी फ्रँक पिअर्सनला ऑस्कर मिळालं.

गोष्ट खरी घडलेली आहे. २२ ऑगस्ट १९७२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका बँकेवर दरोडा पडला. दहा-पंधरा मिनिटांत उरकायचं काम चौदा तास चाललं. सिनेमात ते कसं फसत जातं ते क्रमाने बघू.

बिघाड पहिला : तिघं बँकेत शिरतात. बंदुका बाहेर निघतात न निघतात तोच त्यातला एक, स्टीव्ही, म्हणतो की मला हे जमणार नाही. सनी (अल पचिनो) त्याला जाऊ देतो, पण गाडी ठेवून जा म्हणतो. मग मी घरी कसा जाऊ, असं हा बिचारा विचारतो. उत्तर मिळतं, सबवेने जा!

बिघाड दुसरा : तिजोरी उघडतात तर रोकड आधीच मुख्य कचेरीत गेलेली. उरलेत फक्त अकराशे डॉलर.

बिघाड तिसरा : ट्रॅव्हलर्स चेकचे नंबर मागे राहू नयेत म्हणून सनी रजिस्टर जाळतो. धूर बाहेर जातो, समोरच्या दुकानातला माणूस चौकशीला येतो. थोड्याच वेळात बँकेतला फोन वाजतो. पलीकडे पोलीस.

म्हणजे पुरावा नष्ट करायला केलेली युक्तीच पोलिसांना बोलावणं धाडते. एक दोष झाकायला दुसरा घातला की सिस्टीम सुधारत नाही, आणखी अस्थिर होते. हे आपल्याला प्रॅक्टिकलला नेहमीच दिसतं.

आता सिनेमाची करामत बघा. सुरुवातीचं एक गाणं सोडलं तर याला पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. पंखे, फोन, गर्दीचा गोंगाट, एवढंच. त्यामुळे आपणही त्या उकाड्यात बँकेत अडकल्यासारखे होतो. ओलीस धरलेल्या बायका नुसत्या 'ओलीस' राहत नाहीत. मुख्य कॅशिअर बाई सुटायची संधी आली तरी आपल्या मुलींना सोडून जात नाही. मॅनेजरला मधुमेह आहे. सनी बाहेर येऊन 'अ‍ॅटिका, अ‍ॅटिका' ओरडतो तेव्हा रस्त्यावरची गर्दी त्याचा जयजयकार करते. (अ‍ॅटिका हा न्यूयॉर्क राज्यातला तुरुंग. सप्टेंबर १९७१ मध्ये तिथल्या बंडात आणि कारवाईत ४३ माणसं मेली होती.) आमच्या कॉमन रूममध्ये सिनेमा लावला तेव्हा त्या जागी पोरांनीही शिट्ट्या मारल्या. शेवटी विमानतळावर दुसरा साथीदार सॅल गोळी लागून मरतो, सनी पकडला जातो, आणि सगळे गप्प होतात.

दरोडेखोर आपल्याला आवडतो कसा? कारण त्याचा बेत फसतो, आणि त्याच्या हातून एकही ओलीस मरत नाही. आता बेत फसलाच नसता तर काय, या प्रश्नाचं उत्तर शोधायला ब्रुकलिनला जायची गरज नाही. आपल्या हॉस्टेलवरून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, सदाशिव पेठेतच, विजयानगर कॉलनी आहे. ३१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे जोशी कुटुंबातल्या तिघांचा लुटीसाठी खून झाला. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर संस्कृतचे वृद्ध पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर आणि घरातले आणखी चौघे. करणारे सराईत गुंड नव्हते. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा ही टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातली मुलं. आपल्याच वयाची, आपल्यासारखी टपरीवर बसणारी. संध्याकाळ झाली की पुण्यातले रस्ते ओस पडायचे, असं जुने पुणेकर अजूनही सांगतात.

पहिला खून मात्र जानेवारी १९७६ मधला, स्वतःच्याच वर्गमित्राचा, खंडणीच्या आशेने. तो पचला. इथे स्टीव्हीसारखं दारातून मागे फिरणारं कुणी निघालं नाही, धूरही कुणाला दिसला नाही. बेत 'यशस्वी' झाला, म्हणून पुढचा ठरला. मार्च १९७७ मध्ये नदीतून एका तरुणाचं प्रेत वर आलं, दोरीच्या गाठी ओळखीच्या निघाल्या आणि त्याच महिन्याअखेर अटका झाल्या. तोवर दहा जीव गेले होते. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली.

या प्रकरणावर राजदत्त यांनी १९८६ मध्ये सिनेमा केला, त्यात नाना पाटेकर होते. नाव मला फार नेमकं वाटतं, 'माफीचा साक्षीदार'. म्हणजे गुन्ह्यात सामील असूनही सगळं खरं सांगण्याच्या अटीवर ज्याला कायदा माफी देतो तो. पुण्याच्या खटल्यात असा एक पाचवा होता. पहिल्या खुनाची माहिती त्याला जानेवारी १९७६ पासून होती. तो बोलला तो अटकेनंतर. मधल्या चौदा महिन्यांत आणखी नऊ माणसं गेली. ही वजाबाकी कुठल्याही वकिलाच्या भाषणापेक्षा मोठी आहे.

म्हणून मला या अभ्यासात सनीपेक्षा स्टीव्ही महत्त्वाचा वाटतो. सिनेमात त्याचं हसू होतं, आमच्याकडेही त्याला 'फट्टू' म्हणून झालं. पण तिघांपैकी घरी जायला मोकळा राहिलेला तोच एक. त्याचंही काम अर्धंच झालं. तो निघून गेला, पण कुणाला सांगितलं नाही.

प्रत्येक टोळक्यात, प्रत्येक विंगमध्ये असा एकजण असतोच, ज्याला आतून कळत असतं की हे चुकतंय. फर्स्ट इयरच्या पोराला रात्री रूमवर बोलावलं जातं तेव्हाही तो तिथेच उभा असतो. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, पण कायद्याला डोळे नसतात, ते या एकाकडे असतात. त्याने खोलीतून बाहेर पडावं. आणि बाहेर पडल्यावर आपल्या रूमवर जाऊन झोपू नये, जिना उतरून रेक्टर सरांचं दार वाजवावं. नंतर मिळणाऱ्या माफीपेक्षा वेळेवर दिलेली साक्ष केव्हाही बरी.