बळी मागणारे पंथ व त्यांचे अनुयायी

(मंडळीतील अभ्यासवर्गासाठी पाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : उत्पत्ति २२:१-१४, अनुवाद १८:९-१४, यिर्मया ७:३०-३१, मत्तय ७:१५-२०, १ योहान ४:१-६.



पूर्णा जंक्शनावरून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे परभणीच्या पुढे मानवत रोड हे स्थानक लागते. त्या मानवत गावी नोव्हेंबर १९७२ पासून जानेवारी १९७४ पर्यंतच्या अवधीत एकामागून एक असे दहा खून झाले. मारल्या गेलेल्या सर्व स्त्रिया व मुली होत्या. त्यांत एक तान्हे मूलही होते. पुरलेले धन सापडावे व अपत्यप्राप्ती व्हावी, एवढ्याकरिता मांत्रिकाच्या सांगण्यावरून हे रक्त सांडण्यात आले, असे फिर्यादी पक्षाने न्यायालयापुढे मांडले. परभणीच्या सत्र न्यायालयात चाललेला हा खटला उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व तेथे १९७७ साली त्याचा निकाल लागला. कित्येकांस शिक्षा झाली, कित्येक पुराव्याच्या अभावी सुटले. परंतु ज्या घरांतील लेकी गेल्या, त्या घरांस कोणत्याही निकालाने त्या परत मिळाल्या नाहीत.

हा प्रकार आपल्या परभणी जिल्ह्यातला आहे, म्हणून तो आपण विसरू नये. आणि आपण ख्रिस्ती झालो म्हणून या पाशापासून आपोआप सुटलो, असेही कोणी समजू नये. पुढील दोन गोष्टी ऐकाव्या.

दक्षिण अमेरिकेतील गयाना देशात १८ नोव्हेंबर १९७८ रोजी जिम जोन्स नावाच्या अमेरिकन उपदेशकाच्या आज्ञेने त्याच्या वसाहतीतील नऊशेंहून अधिक माणसे विषाने मरण पावली. त्यांत तीनशेंच्या आसपास मुले होती. त्यांस प्रथम विष पाजण्यात आले. हा मनुष्य एका प्रॉटेस्टंट पंथाचा दीक्षित पाळक होता व गोरगरिबांस अन्न आणि आसरा देऊन त्याने आपला आरंभ केला होता. तसेच २०२३ साली केनिया देशातील शाकाहोला नावाच्या रानात चारशेंहून अधिक प्रेते उकरून काढण्यात आली. उपास करून मराल तर येशूस भेटाल, असे तेथील उपदेशकाने आपल्या लोकांस शिकविले, असा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. मुलांस शाळेत घालू नये व आजाऱ्यास दवाखान्यात नेऊ नये, ही त्याची शिकवण पूर्वीपासूनच होती. या दोन्ही उपदेशकांचा आरंभ हाती पवित्र शास्त्र व मुखी प्रभूचे नाव घेऊन झाला होता.

तेव्हा प्रश्न असा की, शहाणीसुरती माणसे अशा मार्गास लागतात कशी? ती दुष्ट असतात म्हणून नव्हे, तर बहुधा दुःखी असतात म्हणून. खोटा गुरु प्रथम माणसाची जखम शोधतो. कोणाची कूस उजवली नाही, कोणाचे मूल सारखे आजारी असते, कोणी सावकाराच्या कर्जात बुडाला आहे, हे तो हेरतो. मग तो एक लहानसे काम सांगतो : एक नारळ, एक कोंबडे, एक रात्रीची जागरणपूजा. गुण आला नाही, तर दोष गुरूचा नव्हे. तुझी भक्ती कमी पडली, असे तो म्हणतो आणि मागणी वाढवितो. जो एक पायरी उतरला त्यास दुसरी फार खोल वाटत नाही. पैसा गेला, लाज गेली, नातलग तुटले. आता मागे फिरावे तर आजवरचे सर्व फुकट गेले असे कबूल करावे लागते. येणेप्रमाणे मनुष्य तेथवर पोहोचतो, जेथे पहिल्या दिवशी तो कधीही गेला नसता. म्हणून अनुयायी हाच अशा पंथाचा पहिला बळी होय, असे आम्ही म्हणतो.

येथे कोणी विचारील की, अब्राहामापासून देवाने इसहाक मागितला नव्हता काय? हा अध्याय खोटे शिक्षक नेहमी पुढे करतात, याकरिता उपदेशकांनी तो नीट शिकवावा. त्या डोंगरावर देवाने सुरी थांबविली आणि बळी स्वतः पुरविला. कथेचा सर्व भार या शेवटावर आहे. पुढे यिर्मयाच्या द्वारे देवाने स्पष्ट सांगितले की, लेकरांचे होम करण्याची आज्ञा त्याने दिली नव्हती व ती गोष्ट त्याच्या मनातही आली नव्हती. इफ्ताहाने आपल्या लेकीविषयी केलेला नवस त्याने स्वतःच्या तोंडाने केला. देवाने तो मागितला नव्हता. आणि इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय शिकवितो की, ख्रिस्ताने एकदाच स्वतःचे अर्पण केले व त्यानंतर पापासाठी दुसरे अर्पण उरलेले नाही. तर मग जो कोणी देवाच्या नावाने पुन्हा रक्त मागतो, तो वधस्तंभास अपुरा ठरवितो.

गावच्या मंडळीने पुढील खुणा ध्यानात ठेवाव्या :

१. जो शिक्षक म्हणतो, ही गोष्ट घरी किंवा पाळकास सांगू नको, त्यापासून दूर राहावे.
२. जो दवाखाना, शाळा अथवा सगेसोयरे तोडावयास लावतो, त्याचे ऐकू नये. लूक स्वतः वैद्य होता.
३. जो शेत, दागिने किंवा मजुरीचा पैसा आपल्या हाती मागतो व हिशेब देत नाही, त्यास काही देऊ नये.
४. ज्याची शिकवण शास्त्राशी ताडून पाहिलेली त्यास खपत नाही, तो मेंढराच्या वेषातला लांडगा समजावा. बिरुया येथील लोकांनी पौलाचे बोलणेदेखील ताडून पाहिले, आणि त्याबद्दल त्यांची वाखाणणी झाली.
५. जो कोणाही जिवास इजा करावयास सांगतो, त्याविषयी वादविवाद न करता त्याच दिवशी पोलिसांस कळवावे.

या शेवटच्या खुणेस कायद्याचा आधार आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारने वटहुकूम काढला व त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. नरबळी, गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्ये, तसेच साप, विंचू किंवा कुत्रा चावला असता औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हे त्या कायद्याने गुन्हे ठरले आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. हा कायदा धर्म पाहत नाही. आपल्यातील कोणी तसे केल्यास तोही गुन्हेगारच.

तथापि केवळ खुणा सांगून उपदेशकाचे काम संपत नाही. निपुत्रिक भगिनीस मंडळीत टोमणे बसतात, म्हणून ती रात्रीची मांत्रिकाकडे जाते. आजाऱ्याजवळ रात्री बसावयास कोणी येत नाही, म्हणून त्याच्या घरचे भगताचा उंबरठा चढतात. आपण जे दार बंद करतो, त्याच्या शेजारी खोटा गुरु आपले दार उघडतो. याकरिता अशा घरी आधी आपण जावे. त्यांच्याबरोबर प्रार्थना करावी, आणि प्रार्थना झाल्यावर त्यांस गाडीत बसवून दवाखान्यात न्यावे. आणि जो त्या मार्गाने जाऊन फसला व परत आला, त्यास मंडळीसमोर लाजवू नये. बापाने धाकट्या मुलास दुरून पाहिले तसे पाहून त्यास घरात घ्यावे.

विचारार्थ प्रश्न :

१. इसहाकाच्या कथेचा शेवट वगळून ती सांगितल्यास कोणता अनर्थ होईल?
२. आपल्या गावात कोणते दुःख लोकांस मांत्रिकाकडे नेते? त्याविषयी मंडळीने आजवर काय केले?
३. एखादा नवा उपदेशक वस्तीत आला, तर त्याची परीक्षा कोणी व कशी करावी?

प्रार्थनेचा विषय : मानवतच्या त्या दहा जणींची घरे, व खोट्या आशेने आज कोठे तरी पहिली पायरी उतरत असलेला आपला शेजारी.