घरच्या मार्कांना बाहेरचा साक्षीदार

मनू, काल पोळ्या लाटताना तू विचारलंस, "मावशी, एपीच्या परीक्षा देऊ की कॉलेजचे वर्ग घेऊ?" तेव्हा घाईत काही बोलले नाही. आता नीट सांगते. माझी दोन्ही मुलं इथे कॅलिफोर्नियात तुझ्यासारखीच घरी शिकली. त्यांच्याबरोबर मी जे शिकले, ते तुझ्या पदरात घालते.

आधी मूळ गोष्ट. तुझी गुणपत्रिका तुझी आई, म्हणजे माझी ताई, लिहिते. तिने दिलेला 'ए' खराच आहे, पण प्रवेश देणाऱ्यांनी तो पारखायचा कसा? त्यासाठी घराबाहेरचा साक्षीदार लागतो. एपी, म्हणजे शाळकरी मुलांसाठीच्या कॉलेज-पातळीच्या परीक्षा, हा एक, कम्युनिटी कॉलेज हा दुसरा.

एपीची साक्ष एका दिवसाची. मे महिन्यात साधारण तीन तासांचा पेपर, गुण 1 ते 5. वर्गात बसण्याची अट नाही, वर्षभर घरी हवा तसा अभ्यास कर. पेपर बिघडला तर बहुतेक ठिकाणी तो गुण कळवायचा की नाही, हे तुझ्या हातात असतं. कॉलेजची साक्ष मात्र पूर्ण सत्राची आणि कायमची. उद्या मेडिकलला अर्ज केलास, तर सोळाव्या वर्षी मिळालेला 'सी'सुद्धा दाखवावा लागतो.

म्हणून आधी स्वतःला ओळख. आमचा थोरला एकटा वाचत बसायचा आणि परीक्षेच्या दिवशी खुलायचा. त्याने अमेरिकेच्या इतिहासाची एपी दिली. धाकटी रोज थोडं थोडं, पण चोख करणारी, आणि मोठ्या पेपरला मात्र तिचे हात गार पडायचे. तिने रसायनशास्त्र कॉलेजात घेतलं. तो विषयही तसाच. स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रयोगशाळा उभी राहत नाही. प्रयोगाचा विषय वर्गात घ्यावा, वाचनाचा आणि गणिताचा घरी जमतो.

एपी द्यायची तर जागा ऑगस्टमध्येच शोध. परीक्षा कुठल्यातरी शाळेतच होते आणि बाहेरच्या मुलांना घेण्याचं शाळेवर बंधन नसतं. पेपर मागवण्याची मुदत नोव्हेंबरच्या मध्यात संपते. थोरल्याच्या वेळी आम्ही फेब्रुवारीत फोन फिरवले, सगळीकडून नकार आला, आणि पोराचा तयार झालेला अभ्यास वर्षभर पडून राहिला. फोन केलास की एपी कोऑर्डिनेटरलाच माग. आणखी एक, अभ्यासक्रम एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून मंजूर करून घेतलेला नसेल, तर गुणपत्रिकेत विषयाच्या नावाआधी 'एपी' लिहू नका.

कॉलेजच्या फॉर्मवर मुख्याध्यापकांची सही लागते. घरची शाळा ताईच्या नावावर नोंदवलेली आहे, तेव्हा ती सहीही तिचीच. सोबत त्या नोंदणीच्या ॲफिडेव्हिटची प्रत ठेव. अर्धवेळ शिकणाऱ्या शाळकरी मुलांना सत्राला 11 युनिटपर्यंत घेता येतात, पण पहिल्या खेपेला एकच वर्ग घे. वर्ग सोडायच्या दोन तारखा असतात. पहिलीच्या आत सोडलास तर मागे खूण राहत नाही, दुसरीच्या आत सोडलास तर 'डब्ल्यू' राहतो. दोन्ही तारखा पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिही.

पुढे कुठे जायचंय, तेही आत्ताच बघ. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) एपीच्या 3 गुणांनाही क्रेडिट देते, काही खासगी विद्यापीठं 5 मागतात, तर काही काहीच देत नाहीत. कम्युनिटी कॉलेजचा कुठला वर्ग यूसीत धरला जातो ते असिस्ट या संकेतस्थळावर दिसतं. धरला जाणारा एका सत्राचा वर्ग यूसी शाळेच्या वर्षभराच्या विषयाइतका मानते.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. कॉलेजात पाऊल टाकलंस की प्राध्यापक तुझ्याशी बोलतील, ताईशी नाही. मार्कही तुझ्या संमतीशिवाय सहसा तिला कळत नाहीत. ईमेल तूच लिही. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जा, शंका विचार. धाकटीचं शिफारसपत्र अशाच एका खोलीतून आलं. तिच्याबद्दल घराबाहेरच्या माणसाने लिहिलेलं ते पहिलं पत्र.

माझं ऐकशील तर यंदा दोन्ही कर: या सत्रात कॉलेजात रसायनशास्त्र, मे महिन्यात इतिहासाची एपी. उद्या सकाळी कॉलेजच्या प्रवेश कचेरीला फोन लावायचा आहे. तूच लाव. ताई शेजारी बसेल, पण बोलायचं तू.